सहावा प्रश्न

"हा सहावा प्रश्न कुठला गं?" मी विचारलं.

ऊर्मीने वहीत असं वाकून पाहिलं, जणू तिलाही तो प्रश्न आत्ताच दिसला होता. "असाच आहे, ताई."

"पुस्तकात धड्याखाली पाचच आहेत."

"हो. पण हाही सांगा ना."

प्रश्न साधा होता. चुनखडीवर ॲसिड पडलं तर फेस का येतो? मी तिला समीकरण लिहून दिलं, बाण काढला, कार्बन डायऑक्साइडच्या पुढे वर जाणारी छोटी रेघ कशासाठी काढतात ते सांगितलं. ती खाली मान घालून सगळं उतरवून घेत होती. बाकीची चार मुलं पाच प्रश्न संपवून दप्तरं भरत होती. मला वाटलं, एकीला तरी गोडी लागली.

ही एकोणीसशे एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्याअखेरची गोष्ट. मी त्या जूनमध्ये रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरी बसले होते. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, महामार्गाला लागून. गावाबाहेर एमआयडीसी. तिथल्या सगळ्यात मोठ्या कारखान्याला गावात कुणी नावाने ओळखत नसे, 'रंगाची कंपनी' म्हणत. कापड रंगवायला लागणारी रसायनं तिथे तयार होत. त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा निघणार असं कळल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा अर्ज स्वतः नेऊन दिला होता. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. बोलावणं येईपर्यंत वेळ जावा म्हणून मी आमच्या पडवीत संध्याकाळी आळीतल्या पाच मुलांचा विज्ञानाचा गृहपाठ करून घेत असे.

ऊर्मिला चाळके नववीत होती. हडकुळी, कमी बोलणारी, दोन वेण्या घट्ट बांधलेली. तिचे वडील भिकाजी चाळके रंगाच्या कंपनीत कामाला होते, एवढंच मला माहीत होतं. त्यांना मी रस्त्यावर सायकल हाताने ढकलत जाताना पाहिलं होतं. चढ असो की उतार, ते सायकलवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ऊर्मीच्या वहीत सहावा प्रश्न येऊ लागला. ॲसिड अंगावर उडालं तर आधी पाणी ओतायचं की आधी चुना लावायचा? मी सांगितलं, पाणी, भरपूर पाणी, आणि चुना अजिबात नाही. लोखंडाचा पत्रा गंजतो तसा प्लास्टिकचा पाइप का गंजत नाही? दोन पाणी दिसायला सारखी असली तर त्यातलं ॲसिडचं कुठलं हे चाखल्याशिवाय कसं ओळखायचं? त्या दिवशी मी आतून लिटमसचे दोन कागद आणून दिले. ऊर्मीने ते कंपासपेटीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, अजून मिळतील?"

"एवढ्यात संपले?"

"हो."

"कशात बुडवलेस?"

"असंच, ताई." तिची सगळी उत्तरं अशीच असत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वहीच्या मागच्या पानावर मला एक वेगळीच गोष्ट दिसली. इंग्रजी अक्षरं होती. एन, ए, मग एक मोठा दोन, मग एस. पण ती लिहिलेली नव्हती, काढलेली होती, जशी लहान मूल घर किंवा बैल काढतं तशी. एस तर उलटा होता आणि दोन गिरवून गिरवून कागद फाटायला आला होता.

"हे कोणी लिहिलं? धाकट्याने?"

"हं," ती म्हणाली. "काय आहे ते?"

"सोडियम सल्फाइड. नववीला नाही हे. तुझ्या भावाला कुठे दिसलं?"

तिने वही मिटून दप्तरात टाकली. मी पुन्हा विचारलं नाही. सहामाही परीक्षा तोंडावर होती आणि मुलांना साधी समीकरणं संतुलित करता येत नव्हती.

चौदा ऑक्टोबरला सोमवार होता. तारीख मला पाठ आहे. मी मुलांच्या वहीत सही करून खाली तारीख घालत असे, आणि ती तारीख पुढे मला माझ्याच अक्षरात दाखवली गेली. त्याच दुपारी कंपनीचं पत्र आलं होतं. अठ्ठावीसला मुलाखत. अण्णा ते पत्र वाचून शेजारी सांगायला गेले होते. मी पडवीत वह्या तपासत बसले होते, आणि ऊर्मीच्या वहीत सहावा प्रश्न होता, नेहमीपेक्षा लांब.

'कुजलेल्या अंड्यासारखा वास कोणत्या वायूला येतो? तो वास येता येता एकदम यायचा थांबला, तर वायू संपला असे समजावे काय?'

मी प्रश्न दोनदा वाचला. मग लाल पेनने त्यावर आडवी काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'अभ्यासक्रमाबाहेर'. नेहमीची न वाचता येणारी छोटी सही केली, तारीख घातली.

ऊर्मी वही घेऊन तशीच उभी राहिली. "ताई, पण उत्तर काय?"

"परीक्षा आठवड्यावर आली आहे. विचारतात ते आधी कर."

"पण एवढं एकच..."

"ऊर्मी, अकरावीला गेलीस की कळेल."

तिने वही मिटली. मुलाखतीच्या गडबडीत होते म्हणून मी तो प्रश्न सोडला, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं.

बावीस तारखेला दुपारी रंगाच्या कंपनीत एक माणूस पडला. सदा घाग त्याचं नाव. आमच्या आळीपलीकडच्या वाडीतला, तिशीतला, भजनात मृदंग वाजवणारा. अण्णांनी संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन सांगितलं. "उन्हाने चक्कर आली म्हणतात. ऑक्टोबर हीट आहे. रत्नागिरीला हलवला." ऑक्टोबरचं ऊन खरंच कडक होतं, त्यामुळे कुणाला त्यात काही खोटं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

दोन दिवस ऊर्मी आली नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला भिकाजी चाळके स्वतः आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. सायकल कुंपणाला टेकवली, चपला पायरीखाली काढल्या आणि पडवीत न चढता म्हणाले, "बाई, थोडं काम होतं."

त्यांच्या हातात ऊर्मीची वही होती.

"या ना, बसा. ऊर्मी बरी आहे ना?"

"ती बरी हाय. शाळेत गेली." ते पडवीच्या कडेला टेकले. बराच वेळ वहीच्या कव्हरावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "ते सवाल ऊर्मीचे नव्हते. माझे होते."

मला लगेच समजलं नाही.

"मी दुसरी पास. मराठी वाचतो, पन हळू. आमच्याकडं पिंपावर सगळी इंग्रजी अक्षरं. मी घरी येऊन पोरीला सांगायचा, ती तुमाला विचारायची. तुमी सांगायच्या ते ती रात्री जेवताना मला वाचून दाखवायची. लय उपयोग व्हायचा. ते पाणी ओतायचं सांगितलंत ना, त्यानं एका पोराचा हात वाचला."

"मग तिने मला सरळ सांगायचं ना, बाबा विचारतात म्हणून."

"मीच नको म्हटलं. तुमचा अर्ज तिकडं गेलेला. कामावरचा मानूस काय विचारतो हे तुमच्या डोक्याला कशाला?" त्यांनी वही उघडली. बोट लावत लावत त्या पानावर आले. "हे मात्र कळलं नाय."

माझी लाल रेघ होती.

"तुमी काट मारलीत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "मला वाटलं, सवालच चुकीचा असंल. मंग मी सोडून दिला."

मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. सांडपाण्याच्या दोन टाक्या होत्या. एकीत ॲसिडचं पाणी जायचं, दुसरीत त्या उलट्या एसवाल्या पिंपांच्या खात्यातलं. दुसरी टाकी श्रावणापासून गळत होती, म्हणून ती बंद करून दोन्ही पाणी एकीतच सोडायला लागले. तेव्हापासून वास. डोळे चुरचुरायचे, डोकं धरायचं. कधी कधी मात्र वास भसकन यायचा आणि मग एकाएकी नाहीसा व्हायचा. मग सगळे म्हणायचे, गेला. बावीसला तसंच झालं. सदा म्हणाला, गेला वास, आता बघतो. टाकीच्या तोंडाशी व्हॉल्व अडकला होता. तो शिडी चढला, आत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"मी खालून त्याचा पाय धरून वढला. श्वास धरून वढला, का ते मला नाय म्हाईत. वास नव्हताच तर श्वास कशाला धरला?" ते थांबले. "बाई, वास नव्हता. मंग तो पडला कशानं?"

मी आत गेले. माझं अकार्बनी रसायनाचं जाड इंग्रजी पुस्तक फळीवर होतं. हायड्रोजन सल्फाइडचं पान काढलं, गुणधर्म वाचत खाली आले. चौथी ओळ. वायू अतिशय विषारी, आणि प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्ती बधिर होते. पुस्तक काढून ती ओळ सापडेपर्यंत तीन मिनिटं गेली असतील.

बाहेर येऊन मी त्यांना समजावलं. सल्फाइड आणि ॲसिड एकत्र आलं की हा वायू निघतो. थोडा असतो तेव्हा नाकाला कळतो. जास्त झाला की नाकच मरतं. वास थांबला म्हणजे वायू गेला नाही, वाढला.

भिकाजींनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग स्वतः म्हणून दाखवलं, पाढा म्हणावा तसं. "थांबला म्हंजे वाढला."

"हो."

"हे लिवून द्या."

मी पेन घेतलं आणि थांबले. चार दिवसांनी त्याच कंपनीत माझी मुलाखत होती. माझं थांबणं त्यांना दिसलं असावं.

"नाव कशाला घालताय? पोरीच्या वहीत लिवा. गृहपाठात."

मी काट मारलेल्या प्रश्नाखाली समीकरण लिहिलं, वायूचं नाव लिहिलं आणि तीन वाक्यं लिहिली. शेवटचं वाक्य होतं, 'ही दोन पाणी एका टाकीत सोडू नयेत.' सवयीने सही करायला हात गेला, तो मागे घेतला. तारीख मात्र घातली.

शनिवारी ऊर्मी शिकवणीला आली ती सुट्या कागदांची गुंडाळी घेऊन.

"वही कुठे आहे?"

"साहेबांकडे." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "बाबांनी वही दाखवली आणि व्हॉल्व उघडणार नाही म्हणाले. साहेबांनी वही ठेवून घेतली. बाबांना घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत."

"कोणी लिहून दिलं ते विचारलं?"

"विचारलं. बाबा म्हणाले, शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, पोरीने उतरवून घेतलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमचं नाव नाही सांगितलं, ताई."

रविवारी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते तिकिटांची पेटी पुसत होते. पुसणं न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"उद्या विचारतील?" ते म्हणाले.

"अक्षर जुळवलं तर विचारतील."

"मग असं कर. समीकरण विचारलं तर येतं म्हणून सांग. लिहिलं म्हणून सांगू नकोस. त्यात खोटं काही नाही."

"आणि भिकाजी?"

अण्णांनी पेटी बंद केली. "तो कामाला लागला तेव्हापासून माझ्या गाडीला आहे. सायकल पंक्चर असली की बसतो. कधी फुकट बसला नाही." एवढंच बोलून ते उठले. ते माझ्या बाजूने बोलले की विरुद्ध, हे मला रात्रभर विचार करूनही ठरवता आलं नाही.

मुलाखत प्लँट मॅनेजर गुर्जर साहेबांनी एकट्यानेच घेतली. पन्नाशीचे, बारीक चष्म्याचे, थकलेल्या चेहऱ्याचे. मी मनात ज्या माणसाची भीती धरून गेले होते तसे ते मुळीच नव्हते. त्यांनी पाणी मागवलं, बसायला सांगितलं. टायट्रेशनबद्दल विचारलं, दर्शक कधी कुठला वापरायचा ते विचारलं. मी नीट उत्तरं दिली. त्यांनी दोनदा मान हलवली.

मग म्हणाले, "सोडियम सल्फाइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड."

"हायड्रोजन सल्फाइड निघतो."

"समीकरण लिहा."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी लिहिलं. वाकडं अक्षर काढावं असं क्षणभर मनात आलं होतं, पण हाताने आपलंच काढलं. साहेबांनी खण उघडला, ऊर्मीची वही काढली आणि ते पान माझ्या कागदाशेजारी ठेवलं. दोन्हीकडे एकच बाण होता, वर जाणारी एकच छोटी रेघ.

"तुमची शिकवणी आहे असं ऐकलं."

"गृहपाठ करून घेते."

"मिस साळवी, तुम्हाला वाटत असेल मला हे समीकरण माहीत नाही." ते शांतपणे बोलत होते. "दुसऱ्या टाकीच्या दुरुस्तीसाठी मी हेड ऑफिसला तीन पत्रं लिहिली आहेत. मंजुरी येईपर्यंत प्लँट बंद ठेवायचा तर साडेतीनशे माणसं घरी बसतात. हे सगळं वहीत लिहिता येत नाही."

मी पेन टेबलावर ठेवलं.

"मी एकच विचारतो. हे शाळेत फळ्यावर होतं, असं चाळके म्हणतो. तसं असेल तर एका पोरीने गृहपाठ केला, एवढंच. विषय संपला. चाळकेला समज देऊन परत घेऊ. तुम्ही एक तारखेपासून या." त्यांनी चष्मा काढला. "पण केमिस्ट्रीच्या पदवीधराने कामगाराकडून हकिकत ऐकून हे लिहून दिलं असेल, तर तो कागद वेगळा होतो. मग त्याची फाइल होते. आणि मग ही काटही त्याच पदवीधराची ठरते." त्यांचं बोट लाल रेघेवर आलं. "चौदा तारीख. घाग बावीसला पडला. आठ दिवस आधी तुम्हाला विचारलं होतं."

त्यांनी मला धमकी दिली असं मी आजही म्हणणार नाही. ते मला वाट दाखवत होते. भिकाजी परत कामावर, मला नोकरी, अण्णा सगळीकडे पेढे वाटणार. फक्त दोन्ही पाणी त्याच टाकीत जात राहणार, आणि शाळेतल्या न लिहिलेल्या फळ्याला कुणी काही विचारणार नाही.

"फळ्यावर नव्हतं," मी म्हटलं. "मी लिहिलं."

"आणि काट?"

"तीही माझीच."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. खिडकीबाहेर कुठेतरी वाफ सुटल्याचा आवाज येत होता.

"वही द्याल का?" मी विचारलं. "मुलीची आहे. परीक्षा चालू आहे तिची."

ते देतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. का दिली, हे मी पुढे अनेकदा स्वतःला विचारलं. पत्रं लिहून दमलेल्या माणसाला, ती वही आपल्या खणात न राहता बाहेर जावी असं वाटलं असेल. मी आभार मानले नाहीत.

त्याच आठवड्यात भिकाजी आणि मी एस.टी.ने रत्नागिरीला गेलो आणि कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात वहीतल्या त्या पानाची नक्कल आणि माझ्या सहीचा अर्ज दिला. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "वास थांबला होता हे कोणी पाहिलं?" भिकाजी म्हणाले, "मी होतो." त्यांचा जबाब लिहून घ्यायला तासभर लागला. परत येताना ते पूर्ण वाटभर खिडकीला डोकं टेकून झोपले.

पाचव्या दिवशी तपासणी झाली. दोन्ही पाणी एकत्र सोडणं त्याच दिवशी बंद झालं. महिन्याभरात दुसरी टाकी दुरुस्त झाली, आणि त्या साडेतीनशेतल्या कुणालाही घरी बसावं लागलं नाही. सल्फाइडच्या खात्याचं काम तेवढं थांबलं. भिकाजींना बारा दिवसांनी परत घेतलं. मला कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं, की आपली निवड होऊ शकली नाही. अण्णांनी ते वाचून घडी घातली आणि आईला म्हणाले, "बी.एड.चे अर्ज कधी निघतात बघ." मी पुढे तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं.

पण मला सांगायचं आहे ते दिवाळीआधीच्या एका दुपारचं.

सदा घागला घरी सोडलं होतं. भिकाजी त्याला बघायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, मीही येते. ऊर्मीही बरोबर आली. सदा ओटीवर उशीला टेकून बसला होता. बोलताना मध्येच शब्द विसरायचा. मग बायको कुसुम तो शब्द पुरवायची. तिने चहा आणला. माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना आता कसलाच वास येत नाय. काल भात करपला, हे शेजारी बसलेले, तरी कळलं नाय."

"येईल हळूहळू," भिकाजी म्हणाले.

मी कप खाली ठेवला. "सदाभाऊ, तुम्ही पडायच्या आठ दिवस आधी भिकाजींनी मला विचारलं होतं. वास थांबला तर काय समजायचं म्हणून. मी सांगितलं नाही."

कुसुम हातातली बशी घेऊन तशीच उभी राहिली. भिकाजी खाली बघू लागले. सदा माझ्याकडे पाहत होता, शब्द शोधत. या वेळी कुसुमने तो पुरवला नाही.

"तुमाला... म्हाईत होतं?" त्याने विचारलं.

इतके दिवस मी सगळ्यांना मुलाखतीची गडबड सांगत आले होते. अण्णांना, भिकाजींना, सरकारी अर्जातसुद्धा तसंच लिहिलं होतं. तिथेही तेच तोंडावर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "वायूचं नाव माहीत होतं. वासाचं माहीत नव्हतं. नववीतल्या मुलीसमोर येत नाही म्हणायचं जिवावर आलं. म्हणून काट मारली."

सदाने उशी सारखी केली.

"मला वाटलं, म्हाईत असून सांगितलं नाय," तो म्हणाला. "तसं नाय ना?"

"नाही."

"मंग चहा घ्या."

त्याला बरं वाटलं होतं, हे दिसत होतं. मला मात्र तो चहा संपवता आला नाही.

परत येताना भिकाजी सायकल ढकलत पुढे चालले होते. ऊर्मी माझ्याबरोबर मागे होती. वाडीच्या वळणावर ती म्हणाली, "ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"तुम्ही त्या दिवशी एवढंच म्हटलं असतं ना, की बघून सांगते, तर मी बाबांना तसं सांगितलं असतं. आणि बाबांनी सदाकाकांना सांगितलं असतं, की अजून उत्तर यायचंय." ती वडिलांच्या पाठीकडे बघत होती. "ते थांबले असते, ताई. दोघेही थांबले असते."